दिवेआगर ते रेडी सहा दिवसांत : किनाऱ्याने जाण्याची आखणी कशी करावी?

गोदाकाठची (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि सातवीतला मुलगा, नाशिकहून स्वतःच्या मोटारीने कोकणात जाण्याचे ठरवत आहोत. आजवर आमचे कोकण म्हणजे अलिबाग किंवा थेट गणपतीपुळे, तेही महामार्गाने जाऊन त्याच वाटेने परत येणे. या वेळी महामार्ग सोडावा, जमेल तितके समुद्राला धरून रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरपासून सिंधुदुर्गाच्या टोकाला असलेल्या रेडीपर्यंत जावे आणि गर्दीची ठिकाणे टाळून लहान गावांत मुक्काम करावा, असा विचार आहे.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा आहे असे वाचले; दिवेआगरच्या पुढचा भाग अर्थातच त्याहून कमी भरेल. हाताशी सहा दिवस आहेत. पहिला जाण्यात आणि शेवटचा परतण्यात गेला तरी मधल्या चार दिवसांत रोज शंभरएक किलोमीटर गाडी चालवणे काही अवघड नाही, असे यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र नकाशावर रस्ता जिथे खाडीशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या तीरावर पुन्हा सुरू होतो, ती ठिकाणे पाहून शंका येते.

गाडी लहान आहे आणि सीएनजीवर चालते. आम्ही दोघेही गाडी चालवतो, परंतु रात्री चालवण्याची सवय नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मुलाला मात्र मासे हवेत आणि किल्लेही हवेत. नाशिकहून कोणत्या वाटेने उतरावे, खाड्या कशा पार कराव्यात, मुक्काम कुठे आणि किती ठेवावेत, आणि मुळात हा बेत सहा दिवसांत बसतो का, हे जाणकारांनी सांगावे.

खाडीपार (नाशिकरोड)

ताई, आपली शंका रास्त आहे. माझे मूळ गाव गुहागर तालुक्यात असून नोकरीची सगळी वर्षे नाशिकरोडला गेली, त्यामुळे दोन्हीकडचे अंतर मला ठाऊक आहे. किनाऱ्याने जायचे तर किलोमीटर मोजू नयेत, खाड्या मोजाव्यात. सह्याद्रीतून उतरणारी लहानमोठी प्रत्येक नदी समुद्राला मिळण्याआधी पात्र रुंद करते, आणि रस्त्यापुढे तिथे दोनच मार्ग उरतात : एक तर जंगलजेटीने, म्हणजे मोटारी वाहून नेणाऱ्या सपाट बोटीने, पलीकडे जाणे, नाही तर जिथे पूल असेल तिथपर्यंत आत जाऊन पुन्हा किनाऱ्याला येणे.

आपल्या वाटेवर रत्नागिरी शहराच्या उत्तरेला अशा तीन मोठ्या खाड्या लागतील. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला ते वेश्वी ही सावित्रीची, म्हणजे बाणकोटची खाडी; दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची; आणि तवसाळ ते जयगड ही शास्त्रीची. तिन्ही ठिकाणी मोटारी नेणारी जंगलजेटी चालते. पाण्यावरचा वेळ पाव तासाच्या आसपास असतो. मात्र आपण धक्क्यावर पोहोचावे आणि जेटी नुकतीच सुटलेली असावी, किंवा सुट्टीच्या दिवशी आपल्या पुढे तीस-चाळीस गाड्या उभ्या असाव्यात, तर तास-दीड तास सहज जातो. शेवटची फेरी चुकली तर काय होते, हे दाभोळला नीट कळते. पलीकडचे धोपावे डोळ्यांसमोर दिसत असते, पण रस्त्याने गुहागर गाठायचे तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा फेरा अंधारात, घाटवळणांतून मारावा लागतो. म्हणून एका दिवसात एकच खाडी ओलांडावी आणि तीही शक्यतो दुपारच्या आत, हा आमच्याकडचा शिरस्ता आपणही पाळावा.

गाडी जेटीवर चढवणे अवघड नाही, तरी पहिल्यांदा धाकधूक होते. जेटीचा लोखंडी फळा धक्क्याच्या उतारावर घासत टेकतो, साखळ्या सैल पडतात, आणि खलाशी हाताच्या खुणांनी एकेक गाडी अशी लावून घेतो की दोन गाड्यांच्या आरशांमध्ये वीतभरच जागा उरते. ओहोटीच्या वेळी उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ आणि गाळ असतो. तिथे पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, एका चालीने जावे आणि खलाशी सांगेल तेवढेच करावे. मागून ओरडणाऱ्या इतर पर्यटकांकडे लक्ष देऊ नये. गाडी लागली की हँडब्रेक ओढून ती गिअरमध्ये ठेवावी. सासूबाई गाडीत बसून राहणार असतील तर काचा उघड्या ठेवाव्यात.

आता भरती-ओहोटीविषयी. मोबाइलवर कोष्टके मिळतात, पण नेटवर्क नसले तरी पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्यापासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींना पंधरा धरावे : सव्वाअकरा येतात, म्हणजे ओहोटी सायंकाळी साडेपाचच्या आसपास. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तरी दिवस आखायला तो पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि उतरतेही जास्त; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार बेताची राहते. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून जो प्रदक्षिणामार्ग जातो, तो केवळ ओहोटीलाच करता येतो आणि भरती सुरू झाली की बंद करतात. तिथे लाटेने ओढले जाऊन माणसे दगावली आहेत, तेव्हा फलक आणि रखवालदार यांचे ऐकावे. मुलाला तो मार्ग दाखवायचा असेल तर बागमांडल्याच्या जेटीची वेळ ओहोटीवरून ठरवावी, उलट नव्हे.

सहा दिवसांत दिवेआगर ते रेडी होईल का? गाडी पोहोचेल, माणसे पोहोचणार नाहीत. आपण दिवेआगर ते गुहागर एवढेच घ्यावे. मुक्काम दिवेआगर, आंजर्ले किंवा हर्णै, आणि गुहागर. उरलेला किनारा पुढच्या वर्षासाठी ठेवावा.

घाटवाट (सिडको)

खाडीपार यांच्याशी मी सहमत आहे. मी केवळ नाशिक ते समुद्र आणि समुद्र ते नाशिक एवढ्यापुरते लिहितो, कारण पुष्कळ लोक बेतातला हाच भाग गृहीत धरतात आणि पहिल्याच दिवशी थकतात.

जाताना पुण्यावरून ताम्हिणी घाटाने उतरण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. ताम्हिणीचा रस्ता देखणा आहे याबद्दल वाद नाही, परंतु नाशिककरासाठी तो लांबचा फेरा आहे : आधी पुण्यापर्यंतचे सुमारे २१० किलोमीटर, त्यात चाकणची कोंडी, आणि तिथून माणगाव आणखी शंभराच्या वर. त्यापेक्षा इगतपुरीवरून शहापूर, मग मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, वाकण, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर ही वाट सोयीची. एकूण अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातील अवजड वाहनांच्या मागे रांगणे टळले आहे. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट उतरता येतो आणि शहापूरजवळ बाहेर पडता येते. तिथून पुढे मात्र समृद्धीचा वेग डोक्यातून काढून टाकावा, कारण मुरबाड-कर्जत भागात गावे, शाळा आणि गतिरोधक यांतून रस्ता जातो. पहाटे पाचला पाथर्डी फाटा सोडला तर न्याहारी वाटेत आणि दुपारचे जेवण माणगावच्या आसपास होते. सासूबाईंना इच्छा असेल तर पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन वाटेतच घडते; अष्टविनायकांपैकी हा एक गणपती असल्याने मंगळवारी आणि चतुर्थीला मात्र तिथे गर्दी असते.

सीएनजीविषयी स्पष्ट सांगतो. किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांवर सीएनजीच्या भरवशावर राहू नये. जिथे पंप आहे तिथे रांग आहे आणि गॅसचा दाब मिळेलच असे नाही. पेट्रोलची टाकी सतत अर्ध्याच्या वर ठेवावी आणि तालुक्याचे गाव आले की भरून घ्यावी. रात्री उशिरा पंप उघडा मिळेल असे धरू नये. दुसरी अडचण डिकीची. सिलिंडरने ती आधीच खाल्लेली असते आणि चौघांचे सहा दिवसांचे सामान आत मावत नाही. छतावर कॅरिअर लावून वर बॅगा बांधण्यापेक्षा माणशी एकच मऊ पिशवी न्यावी, कारण गाडी जितकी हलकी तितके कोकणातले चढ सुसह्य. आतल्या चढांवर वातानुकूलन बंद करून पेट्रोलवर चालवावे. जादा चाकात हवा आहे का आणि ते सिलिंडरच्या आड नेमके कुठे बसवले आहे, हे निघण्यापूर्वी घरीच पाहावे.

वेगाचा अंदाज ताशी २५ ते ३० किलोमीटर असा धरावा. रस्ते खराब आहेत म्हणून नव्हे, पुष्कळ ठिकाणी ते उत्तम आहेत. पण एकेरी रुंदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, समोरून लाल एसटी आणि मागे घेण्यासाठी शंभर फुटांवर एक खोबण, अशी परिस्थिती दिवसातून अनेकदा येते. एसटीला नेहमी वाट द्यावी. चालकाला त्या वळणाची खडान्खडा माहिती असते, आपल्याला नसते. आणि मोटार पुळणीवर उतरवू नये, शेजारच्या दहा गाड्या उतरलेल्या दिसल्या तरी नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबले की खचते, आणि मग भरतीच्या आधी ट्रॅक्टर शोधण्याची धावपळ होते.

परतताना गुहागरहून चिपळूण, महाड, माणगाव अशी महामार्गाची वाट धरावी. कशेडी घाटाला बोगदा झाल्यामुळे हा भाग पूर्वीइतका त्रासदायक राहिलेला नाही. कुंभार्ली घाट चढून पाटण, उंब्रज, सातारा, पुणे असेही येता येते, परंतु ते अंतर लांब पडते आणि संध्याकाळी पुन्हा चाकण आपली वाट पाहत असतेच. एका दिवसात गुहागर ते नाशिक करू नये. पाचव्या दिवशी जेवून निघावे, महाड किंवा माणगावला रात्र काढावी आणि सहाव्या दिवशी आरामात घरी यावे.

एक लहानशी गोष्ट, जी मला महत्त्वाची वाटते : उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे चालकाच्या बाजूला राहतो. आपण दोघेही गाडी चालवता, तेव्हा दिवेआगरहून आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा जो टप्पा अगदी पाण्याला लागून आहे, तिथे चाक कोणाच्या हाती असावे हे घरीच ठरवून निघा.

अंगणवेल (इंदिरानगर)

ताई, गाडी आणि खाड्यांचे वरच्या दोघांनी सांगितले आहे. मी ज्येष्ठ माणसांपुरते लिहिते, कारण माझ्या आईला घेऊन मी त्याच भागात गेले आहे.

किनाऱ्यावरच्या लहान गावांत हॉटेलांपेक्षा घरगुती निवास अधिक आणि बरेही. खोली फोनवर ठरवताना तीन प्रश्न विचारावेत : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का. तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण दिवेआगर, गुहागर, केळशी, आंजर्ले या गावांची घरे नारळी-पोफळीच्या वाडीत आत असतात आणि वाडीतली पाखाडी म्हणजे जांभ्या दगडांची उंचसखल पायवाट. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना शंभर पावले पाखाडीवरून रात्री विजेरीच्या उजेडात चालणे त्रासाचे होते.

जेवणाचे आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी कळवावे लागते. खानावळीत आयत्या वेळी जाऊन चार ताटे मागितली तर नाही म्हणतात, आणि त्यांचे बरोबरच असते, कारण त्या घरात सांगितलेल्या माणसांपुरताच भात शिजतो. शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीती बाळगू नये. दिवेआगर, केळशी, गुहागर येथे शाकाहारी घरगुती जेवण उत्तम मिळते : बिरड्याची उसळ, फणसाची किंवा केळफुलाची भाजी मिळाली तर भाग्य, सोलकढी, आणि आधी सांगितले तर उकडीचे मोदक. मुलाच्या माशांसाठी हर्णै. तिथे संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे वाटे मांडलेले असतात, भोवती बायका उभ्या असतात, आणि बोली इतक्या झटपट चढते की कोणी घेतले हे कळण्याआधीच टोपली उचललेली असते. सासूबाईंना मात्र तिथे नेऊ नका. वास आणि चिखल दोन्ही असतात. त्या वेळात त्यांनी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला बसावे. तिथे पायऱ्या आहेत, पण गाडीही वरपर्यंत जाते.

वेळासची कासवे पाहण्याची मुलाची अपेक्षा असेल तर आधीच समजावून सांगा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जातात ती साधारण फेब्रुवारीअखेरपासून पुढे. डिसेंबरात किनारा रिकामा दिसेल. हापूसचेही तेच : डिसेंबरात झाडाला फार तर मोहोर.

पैसे रोख न्यावेत. आपल्याकडे पंचवटीतल्या भाजीवाल्यापासून सगळे मोबाइलवर घेतात, तिकडेही घेतात; पण खाडीच्या उतारावर किंवा डोंगराच्या आड नेटवर्क गेले की पैसे जात नाहीत आणि समोरच्या माणसाला ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही. औषधांची यादी आणि सहा दिवसांऐवजी आठ दिवसांची औषधे जवळ ठेवावीत. मोठे दवाखाने दापोली, चिपळूण, रत्नागिरी अशा ठिकाणी. लहान गावातून तिथे पोहोचायला वेळ लागतो.

आणि तारखा बदलता आल्या तर बदला. २५ डिसेंबर ते १ जानेवारी या आठवड्यात दिवेआगर, हर्णै आणि गुहागर येथे ज्या शांततेसाठी आपण जात आहात ती मिळणार नाही. जेटीच्या रांगा, खोल्यांचे दर, पुळणीवरचे घोडे आणि स्कूटर, सगळेच वाढलेले असते.

दक्षिणवाट (पंचवटी)

माझे मत थोडे वेगळे आहे. प्रश्नकर्तीने स्वतःच गर्दी टाळून लहान गावांतून जायचे असे म्हटले आहे, आणि सगळ्यांनी तिला दिवेआगर-गुहागर सुचवले, जिथे अर्धी मुंबई आणि अर्धे पुणे शनिवारी उतरते. खरा आडवळणाचा किनारा हवा असेल तर रत्नागिरीच्या दक्षिणेला जावे.

भाट्याचा पूल ओलांडला की पावस, पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, नाटे, आंबोळगड, जैतापूर आणि तिथून विजयदुर्ग. हा पट्टा असा की तासतास समोरून गाडी येत नाही. वरती सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, आणि रस्ता उतरला की एकदम माडांची राई, दहा-वीस घरे, खाडी. याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. कशेळीजवळ कातळावर कोरलेली हत्तीची आकृती एवढी मोठी आहे की जवळ उभे राहून ती एका नजरेत मावत नाही, आणि तिच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मुलाला किल्ले हवे आहेत, तर विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग हे दोन्ही याच बाजूला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चौघे समुद्राकडचे. साल्हेर पाहिलेल्या मुलाला विजयदुर्गाच्या तटाखाली नेले म्हणजे डोंगरी किल्ला आणि जलदुर्ग यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

शिवाय इकडे मोटारीसाठी जंगलजेटीची गरज पडत नाही. खाड्यांवर पूल आहेत. काही पूल मुखापासून आत असल्याने वळसा पडतो एवढेच. मग खाड्या मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

खाडीपार (नाशिकरोड)

दक्षिणवाट, आपण सांगितलेला पट्टा सुंदर आहे आणि मलाही तो उत्तरेपेक्षा अधिक आवडतो. पण तो या कुटुंबाला या सहा दिवसांत सांगणे मला योग्य वाटत नाही. पहिली गोष्ट, नाशिक ते रत्नागिरी हेच एका दिवसात कष्टाचे आहे. चिपळूणला एक मुक्काम जाताना आणि एक परतताना धरला, तर समुद्राला खरे तीन दिवस उरतात. मालवणहून फोंडा घाटाने कोल्हापूर, पुणे करून यायचे म्हटले तरी ते सहाशे किलोमीटरच्या घरात जाते. दुसरी गोष्ट, आंबोळगड-जैतापूर भागात राहण्याच्या आणि जेवणाच्या सोयी मोजक्या आहेत, आणि आपण ज्या निर्मनुष्यतेचे कौतुक करता तीच ७२ वर्षांच्या माणसाला रात्री बरे वाटेनासे झाले तर अडचण ठरते. पूल आहेत हे खरे. पण वळशांमुळे नकाशावर हातभर दिसणारे अंतर दुपार खाऊन टाकते. खाडी इकडेही मोजावीच लागते, केवळ ती जेटीच्या तिकिटाऐवजी पेट्रोलमध्ये मोजली जाते.

गर्दीचे म्हणाल तर दिवेआगर आणि गुहागर ही नावे मोठी, पण त्यांच्या मधली गावे तशी नाहीत. केळशीला आठवड्याच्या मधल्या वारी पुळणीवर माणूस दिसणे कठीण. वेळणेश्वर आणि हेदवी गुहागरपासून जवळ आहेत. हेदवीला उमामहेश्वराच्या देवळामागे खडकाला चीर पडलेली आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरती चढत असताना पाणी त्या फटीत घुसून उंच उसळते. हे मात्र ओहोटीला पाहायला जाऊ नये, काहीच दिसत नाही; आणि भरतीला कठड्यापासून दूर उभे राहावे.

गोदाकाठची (गंगापूर रोड, नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. घरी नकाशा पसरून पुन्हा बसलो. शाळेतून रजा मिळण्यासारखी आहे आणि सासूबाईंना संक्रांत घरीच करायची आहे, त्यामुळे नाताळ सोडून संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, सोमवारी निघून शनिवारी परत यायचे असे ठरत आहे. सुचवल्याप्रमाणे दिवेआगरला एक रात्र, बागमांडल्याची खाडी दुसऱ्या दिवशी ओलांडून आंजर्ल्याला दोन रात्री, चौथ्या दिवशी सकाळी दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला एक रात्र, पाचव्या दिवशी सकाळी वेळणेश्वर-हेदवी करून दुपारनंतर माणगावकडे. शास्त्रीच्या खाडीपासून पुढचे सगळे या वेळी सोडले आहे. दक्षिणवाट यांचा पट्टा मुलाच्या आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी वहीत लिहून ठेवला असून त्या वेळी सासूबाई नणंदेकडे राहतील.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मुलाला सुवर्णदुर्गाला होडीने जायचे आहे. जानेवारीत ते सुरक्षित असते का? आणि दुसऱ्या दिवशी दिवेआगर ते आंजर्ले या टप्प्यात हरिहरेश्वरची प्रदक्षिणा बसवायची असेल तर निघावे किती वाजता?

खाडीपार (नाशिकरोड)

जानेवारीत समुद्र सहसा शांत असतो आणि हर्णैहून होड्या जातात. सकाळची वेळ घ्यावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नये. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, नको म्हणाला तर दुसरी होडी पाहावी. किल्ल्यावर धड धक्का नाही, गुडघाभर पाण्यात किंवा खडकावर उतरावे लागते, तेव्हा सासूबाईंसोबत कोणी तरी काठावर थांबावे. किल्ल्यात पाणी-खाण्याची सोय नाही.

हरिहरेश्वरची वेळ त्या दिवशीच्या तिथीवर आहे. मंगळवारी कोणती तिथी येते ते पाहून पाऊणकी करा. ओहोटी सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान येत असेल तर दिवेआगरहून आठला निघा, शेखाडीच्या रस्त्याने सावकाश जा, श्रीवर्धनला चहा घ्या, प्रदक्षिणा करा, जेवा आणि तीनच्या आत बागमांडल्याला पोहोचा. ओहोटी पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास येत असेल तर प्रदक्षिणेचा नाद सोडावा, देवदर्शन करून पुढे निघावे. संध्याकाळच्या ओहोटीसाठी थांबलात तर वेश्वी ते आंजर्ले हा वळणांचा रस्ता अंधारात पडेल आणि आपल्याला रात्री गाडी चालवायची नाही. निघण्याच्या आदल्या रात्री दिवेआगरच्या घरमालकांना जेटी चालू आहे ना, एवढे विचारून घ्यावे. दुरुस्तीसाठी ती कधी कधी दिवसभर बंद असते आणि ते गावात आधी कळते. बंद असेल तर म्हसळ्यावरून आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा मार्ग आहे. पण आंबेतच्या पुलावरून मोटारी सोडत आहेत की नाही, हेही त्याच फोनवर विचारावे.